पुंगळी काय सांगते

बंदुकीची पेटी काउंटरवर ठेवली, तरी बंदुका दुरुस्त करणाऱ्या चाचांनी ती उघडली नाही. आधी परवाना पाहिला, त्यावरचा नंबर वहीत उतरवला आणि मग मामांना विचारलं, "पाटील, उडवलेल्या पुंगळ्या आणल्या का?"

मामांनी सदऱ्याच्या खिशातून तीन लाल पुंगळ्या काढून ठेवल्या. सोयगावहून निघायच्या आदल्या दिवशी मामींनी तो सदरा धुवायला घेतला होता. पुंगळ्या उकिरड्यावर जायच्या, त्या मामांनी ओरडून वाचवल्या. रिकामी पुंगळी म्हणजे कचरा, असंच मीही समजत होतो. पुढचे दोन तास छत्रपती संभाजीनगरच्या त्या अरुंद दुकानात बसून मी जे पाहिलं, त्यानंतर तसं म्हणायची माझी हिंमत नाही.

मामांचं शेत वेताळवाडीच्या किल्ल्याच्या बाजूला, अजिंठ्याच्या डोंगराच्या पायथ्याशी. मक्याचं कणीस चिकात आलं की रानडुकरं उतरतात आणि एका रात्रीत खातात त्याहून जास्त लोळवतात. वनखात्याच्या परवानगीशिवाय डुकरावर गोळी झाडता येत नाही, आणि मामांना ती झाडायचीही नसते. बांधाच्या ओल्या मातीत एक बार काढला की कळप डोंगराकडे पळतो. आजोबांच्या वेळची एकनळी बारा बोअर याच कामाला होती. ती झिजली, म्हणून यंदा नवी पंप ॲक्शन घेतली. नळीखालच्या नळकांड्यात काडतुसं भरायची. बार झाला की पुढची मूठ मागे ओढायची, पुंगळी बाहेर पडते. मूठ पुढे ढकलली की नवं काडतूस आत बसतं.

पहिल्याच रात्री बार झाला आणि मूठ मागे येईना. अर्धा इंच सरकली आणि थांबली. नळकांड्यात दोन जिवंत काडतुसं होती. शेजारच्या मळ्यातला एकजण म्हणाला, दस्ता दगडावर आपटा, सुटेल. मामांनी आपटला नाही. भरलेली बंदूक, नळीचं तोंड वर, बोलणारा माणूस समोर उभा. तो एक झटका कुणाच्या जिवावर बेतला असता. त्यांनी सेफ्टी लावली, नळी बांधाकडे धरली, खालची काडतुसं एकेक करून काढली आणि मगच मूठ जोराने ओढून पुंगळी सोडवली. पुढच्या दोन रात्री पुन्हा तसंच झालं.

चाचांचा पुढचा प्रश्न याच अर्ध्या इंचाचा होता. "मूठ जागची हललीच नाही, की थोडी येऊन अडली?" थोडी येऊन अडली, असं मामांनी सांगितल्यावर त्यांनी मान हलवली. मूठ अजिबात हलली नसती, तर खोट चाप आणि कुलपाच्या यंत्रणेत शोधावी लागली असती. अर्धा इंच आली म्हणजे कुलूप उघडलं, बोल्ट मोकळा झाला, आणि पुंगळीने चेंबर, म्हणजे काडतूस बसतं ती जागा, सोडलं नाही. नुसत्या एका उत्तराने निम्मी बंदूक संशयातून सुटली. ती अजून पेटीतच होती.

मग पुंगळ्या वाचायला घेतल्या. वाचणं हाच शब्द बरोबर आहे. चाचांनी एक पुंगळी खिडकीच्या उजेडात दोन बोटांत धरून सावकाश फिरवली. बुडाला पिवळ्या धातूची टोपी असते, तिच्या कडेवर एका जागी चंद्रकोरीसारखी खाच पडली होती आणि कड तिथे बाहेर वाकली होती. "हे एक्स्ट्रॅक्टरचं नख. बिचाऱ्याने ओढलंय, चांगलं ओढलंय. त्याला दोष नाही." टोपीच्या अंगावर बारीक बारीक गोल रेघा होत्या, वेढ्यासारख्या. त्यांनी माझं नख त्यावरून फिरवायला लावलं. रेघा हाताला लागत होत्या. मग ड्रॉवरमधून स्पीकरचा जुना लोहचुंबक काढून टोपीला लावला. पुंगळी टक्कन चिकटली.

मी आणि मामा दोघंही त्या चिकटलेल्या पुंगळीकडे बघत राहिलो. पितळेला चुंबक लागत नाही. ही टोपी पोलादी पत्र्याची होती, वरून पितळेचा नुसता मुलामा.

यात काय बिघडतं, ते चाचांनी हाताच्या मुठीने समजावलं. बार होताना आतला दाब प्रचंड असतो. 12 बोअरच्या साध्या काडतुसाला युरोपीय मानकात कमाल मर्यादाच 740 बारची आहे, मोटारीच्या चाकातल्या हवेच्या तीनशेपटींहून जास्त. त्या दाबाने टोपी फुगून चेंबरच्या भिंतीला घट्ट चिकटते. दाब उतरला की पितळ थोडं अंग चोरतं आणि सुटतं. पातळ पोलादी पत्रा तेवढं अंग चोरत नाही. चेंबर आरशासारखं गुळगुळीत असेल तर तोही निघतो, पण भिंतीला कातकामाच्या रेघा असतील तर टोपी त्या रेघांत दाबली जाते आणि जणू आटे पडून बसते. पुंगळीवरचे ते वेढे म्हणजे चेंबरचा ठसा होता. बंदूक न उघडता चेंबर कसं आहे ते चाचांच्या हातात आलं होतं.

पुंगळी अडकण्याचं हे दुखणं तसं फार जुनं नाही. आमच्याच तालुक्यातल्या डोंगरात 28 एप्रिल 1819 रोजी मद्रासच्या फौजेतला जॉन स्मिथ वाघाच्या मागावर आला आणि त्याला अजिंठ्याची लेणी दिसली. दहाव्या लेण्यात त्याने आपलं नाव कोरून ठेवलं आहे. तेव्हाच्या बंदुका ठासणीच्या, दारू आणि गोळी तोंडाकडून ठासायची. पुंगळीच नाही, तर अडकणार काय? पण दारू ओली झाली की बारच नाही. पुढे काडतूस आलं, तेही बरीच वर्षं कागदाचं. आजोबा पावसाळ्यात काडतुसं पत्र्याच्या डब्यात, चुलीपासून लांब पण कोरड्या कोनाड्यात ठेवत. कागद दमट झाला की फुगतो आणि काडतूस नळीत उतरत नाही. प्रत्येक काळात अडणं निराळं.

आता बंदूक बाहेर निघाली. रिकामी असल्याची खात्री आधी डोळ्याने, मग करंगळी घालून. नळी सुटी केली. चाचांनी मागच्या बाजूने बारीक दिवा आत सोडला आणि मला बघायला बोलावलं. नळी पुढे चकाकत होती, पण काडतूस बसतं त्या भागात उजेड तुटत होता. गोल गोल कडी दिसत होती, आणि कड्यांमध्ये कारखान्यातून येताना गंज लागू नये म्हणून भरलेलं घट्ट तेल, त्यात आता काजळी मिसळलेली. नवी बंदूक न धुता वापरली होती. मामा हळू आवाजात म्हणाले, "नवी होती ना, म्हणून पुसली नाही." जिथून घेतली त्या दुकानात तसं कुणी सांगितलंही नव्हतं.

चेंबर रॉकेलने धुतलं, ब्रश मारला, तीन चिंध्या काळ्या निघाल्या, चौथी करडी, सहावी पांढरी. मग ब्रशला अगदी मऊ पोलादी लोकर गुंडाळून, तेलाचे थेंब देत, चाचांनी चेंबर फिरवून घासलं. दर थोड्या वेळाने थांबायचे, पुसायचे, दिवा घालून बघायचे. "धातू काढायचा नाही, टोकं बसवायची." हे घरी करायचं काम नव्हे. हात जरा जास्त चालला तर चेंबर मोठं होतं, आणि मग ते परत लहान होत नाही.

मागच्या खोलीतल्या वाळूच्या पेटीत तपासणी झाली. काडतुसं 70 मिलिमीटरची, नळीवर कोरलेल्या मापाचीच. पितळी टोपीची तीन, तिन्ही पुंगळ्या सुळकन बाहेर. मग मामांच्या डब्यातली पोलादी तीन. दोन निघाल्या. तिसरी पुंगळी तिरपी होऊन बंदुकीच्या खिडकीतच अडकली. मामांचा चेहरा उतरला.

चाचांनी ती पुंगळी काढून पाहिली. कडेवर नवी खाच नव्हती. "ही चेंबरने नाही धरली. पाटील, तुमच्या हाताने धरली." चाळीस वर्षं एकनळी वापरलेला हात. ती मोडायची असते, हळू, अदबीने. पंपाला अदब चालत नाही. मूठ शेवटपर्यंत, ठोका लागेपर्यंत यायला हवी, नाहीतर पुंगळी अर्ध्यावर राहते. मामांनी पूर्ण ओढून चौथं उडवलं. पुंगळी भिंतीला जाऊन लागली.

निघताना चाचांनी चार खोटी काडतुसं दिली, प्लास्टिकची, सरावासाठी. काडतुसं शक्यतो पितळी टोपीची घ्या, चुंबक खिशात ठेवा, एवढंच सांगितलं.

त्या रात्री सोयगावला जेवणं झाल्यावर जिवंत काडतुसं आतल्या खोलीत कुलपात गेली आणि मामा पडवीत भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. खोटी काडतुसं भरायची, ओढायची, ढकलायची. मामी शेंगा फोडत ओट्यावर बसल्या होत्या. आवाज अर्धवट आला की त्या मान वर न करता म्हणायच्या, "हा नाही धरला." साडेदहापर्यंत त्यांनी एकोणचाळीस मोजले होते.