एसटीतल्या आमदाराचा हिशेब

भाई गणपतराव देशमुखांचा विषय निघाला की दोन वाक्ये हमखास ऐकू येतात. पहिले, 'एसटीने हिंडणारा आमदार' आणि दुसरे, 'एकाच पक्षातून, एकाच मतदारसंघातून अकरा वेळा!' दोन्ही खरी आहेत. ३० जुलै २०२१ रोजी सोलापुरात त्यांचे निधन झाले, तेव्हाही ही दोन वाक्ये महाराष्ट्रभर पुन्हा पुन्हा बोलली गेली. मला मात्र वाटत आले आहे की, या साधेपणाच्या कौतुकात आपण त्यांच्या राजकारणाला सोयीस्कर बगल देतो. एखाद्याला संत ठरवले की त्याला नमस्कार करून मोकळे होता येते. त्याच्याकडून काही शिकायची जबाबदारी उरत नाही. शिवाय साधी राहणी तर महाराष्ट्रात अनेक पुढाऱ्यांची होती. त्यातले कितीतरी पहिल्या-दुसऱ्या निवडणुकीतच घरी बसले. मग सांगोल्याने याच माणसाला अर्धे शतक का धरून ठेवले?

सांगोला हा माणदेशाचा भाग. पर्जन्यछायेचा, माळरानाचा, मेंढपाळांचा. माण नदी तालुक्यातून जाते खरी, पण वर्षातले बरेच महिने ती वाळूचीच असते. देशमुखांचा जन्म इथला नव्हे. तो मोहोळ तालुक्यातल्या पेनूरचा. पुण्यात कायद्याचे शिक्षण घेताना ते शेतकरी कामगार पक्षाच्या विचारांकडे ओढले गेले आणि वकिलीच्या निमित्ताने सांगोल्यात आले ते कायमचे. मी स्वतः अशाच एका दुष्काळी तालुक्यात वाढलो. तिथे आमदाराची परीक्षा भाषणात होत नसे. रोजगार हमीचे काम गावात सुरू झाले की नाही, मस्टरवर नाव लागले की नाही आणि मजुरी वेळेवर मिळाली की नाही, यातच ती होत असे. देशमुख या परीक्षेला वर्षानुवर्षे बसत राहिले.

त्यांच्या निवडणुकांचा इतिहासही वाटतो तितका सरळ नाही. १९६२ मध्ये ते प्रथम निवडून आले. १९७२ मध्ये पडले आणि १९७४ च्या पोटनिवडणुकीत पुन्हा आले. १९९५ मध्ये शहाजीबापू पाटलांनी त्यांना अवघ्या १९२ मतांनी हरवले. १९९९ मध्ये सांगोल्याने त्यांना परत बोलावले आणि २०१४ पर्यंत सोडले नाही. म्हणजे हा मतदार आंधळा भक्त नव्हता. त्याने दोनदा त्यांना घरी बसवले आणि दोन्ही वेळा पुन्हा निवडले. अकरा विजयांइतकेच मला हे दोन पराभव महत्त्वाचे वाटतात.

सभागृहात त्यांचा भर रोजगार हमी, सहकार आणि पाणी या तीन विषयांवर. रोजगार हमी हा त्यांच्या लेखी दुष्काळात वाटायचा शिधा नव्हता, तो मजुराचा हक्क होता. १९९० मध्ये या हमीला फळबाग लागवडीची जोड मिळाली आणि सांगोल्याच्या मुरमाड माळावर डाळिंब फुलले. पुढे तेल्या, मर, खोडकिडा असे रोग आले, बागा उपटाव्या लागल्या, ती कहाणी वेगळी. पण २८ डिसेंबर २०२० रोजी देशातली शंभरावी किसान रेल्वे पश्चिम बंगालमधल्या शालिमारकडे सुटली ती सांगोल्याहून, हे विसरून चालणार नाही. तालुक्यात सहकारी सूतगिरण्या उभ्या राहिल्या. त्यातली एक महिलांची. कृष्णेच्या पाण्यासाठी नागनाथअण्णा नायकवडींबरोबर दुष्काळी तालुक्यांच्या पाणी परिषदांत देशमुख उभे राहिले. त्या लढ्याची मागणी साधी होती : पाणी उताराकडे वाहते हे ठीक, पण सरकारच्या तिजोरीनेही उताराकडेच का वाहावे?

आता अवघड प्रश्न. शेकाप आटत गेला. एकेक मोहरा काँग्रेसमध्ये गेला, मंत्री झाला, कारखानदार झाला. देशमुख हलले नाहीत. अर्ध्या शतकात मंत्रिपद आले ते दोनदाच. १९७८ च्या पुलोद सरकारात आणि १९९९ मध्ये विलासराव देशमुखांच्या मंत्रिमंडळात. ते सत्तेच्या पक्षात गेले असते तर टेंभू-म्हैसाळचे पाणी सांगोल्याला लवकर मिळाले असते का? कदाचित मिळाले असते. राज्यात कालवे आणि कारखाने कुणाच्या दारात आधी गेले, ते आपण पाहिलेच आहे. तेव्हा या निष्ठेची किंमत एकट्या आमदाराने मोजलेली नाही, तालुक्यानेही मोजली आहे. गौरवलेखांत हे वाक्य सहसा येत नाही. पण ते लिहिल्याशिवाय त्यांचा हिशेब पुरा होत नाही.

त्याच हिशेबाच्या जमेच्या बाजूला काय? माझ्या मते, विश्वास. निवडून दिलेला माणूस रात्रीतून दुसऱ्या तंबूत दिसणार नाही, ही खात्री सांगोल्याला पन्नास वर्षे होती. तिची किंमत तेव्हा कळत नव्हती. २०१९ मध्ये वयोमानामुळे ते उभे राहिले नाहीत. पक्षाने उभा केलेला त्यांचा नातू थोडक्यात पडला आणि शहाजीबापू शिवसेनेकडून आमदार झाले. २०२२ मध्ये शिवसेना फुटली, तेव्हा गुवाहाटीहून झालेल्या एका फोनमुळे सांगोल्याचे नाव घरोघरी पोचले. २०२४ मध्ये मतदारांनी देशमुखांचे दुसरे नातू बाबासाहेब यांना शेकापकडूनच निवडून दिले. यात घराण्याचा वारसा किती आणि विचाराचा किती, ते पुढल्या निवडणुका ठरवतील. आजोबांनाही या मतदाराने दोनदा घरी पाठवले होते, एवढे नातवाने लक्षात ठेवलेले बरे.

आमदाराने एसटीने प्रवास करावा, असा माझा आग्रह नाही. गाडीत बसायला हरकत नाही. पण ज्या पाटीची गाडी सांगून मते मागितली, ती त्याच गावाला गेली पाहिजे, एवढे तरी मागायचा हक्क मतदाराला आहे. देशमुखांची गाडी हळू गेली, वाटेत दोनदा बंद पडली, पण तिने पाटी बदलली नाही.