‘पित्त झालं’ म्हणजे नेमकं काय झालं?

कॉलेजच्या कट्ट्यावर कोणी पोट धरून बसलं की ठरलेला संवाद सुरू होतो. “काय झालं बे?” “काही नाही, पित्त झालं.” मग कोणी मेडिकलमधून फसफसणारी पुडी आणतं, कोणी थंड दूध प्यायला सांगतं. बहुतेक वेळा थोड्या वेळात बरं वाटतं आणि विषय संपतो.

गंमत अशी, की ज्याला आपण पित्त म्हणतो ते बहुतेकदा पित्त नसतंच. छातीतली जळजळ, आंबट ढेकर हे काम जठरातल्या आम्लाचं. खरं पित्त वेगळं, आणि त्याच्या वाटेत अडथळा आला तर दुखणंही वेगळं. पण दोघांना नाव एकच. त्यामुळे पित्ताशयातल्या खड्याचं दुखणं कित्येकदा महिनोन्महिने पुड्यांवर निघतं.

छोट्या वांग्याएवढी पिशवी

पित्त तयार होतं यकृतात. दिवसाला साधारण अर्धा ते एक लिटर, हिरवट-पिवळं आणि कडू. यकृताच्या उजव्या-डाव्या भागातून एकेक नळी निघते आणि दोन्ही मिळून एक होते. तिला पित्ताशयाची नळी येऊन मिळते. पित्ताशय म्हणजे यकृताखाली चिकटलेली, ७ ते १० सेंटीमीटर लांबीची, रोडग्यांबरोबरच्या भाजीतल्या छोट्या वांग्यासारखी पिशवी. तिच्यात ३० ते ५० मिलिलिटर पित्त मावतं. ही पिशवी पित्त साठवते आणि त्यातलं पाणी शोषून ते घट्ट करते.

आपण तेलकट-तुपकट खाल्लं की आतड्यातून संप्रेरक सुटतं, पिशवी आवळते आणि पित्त मुख्य नळीतून लहान आतड्यात उतरतं. तेलकट ताटावर भांड्याचा साबण जे करतो, तेच काम ते तिथे करतं. आतड्यात शिरताना याच ठिकाणी स्वादुपिंडाची नळीही येऊन मिळते. हा जोड लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

वीस वर्षांच्या पोरांना खडे?

पित्तात कोलेस्टेरॉल जास्त झालं किंवा पिशवी नीट रिकामी झाली नाही, तर बारीक कण जमतात आणि त्यांचे खडे होतात. बायकांमध्ये, वजन जास्त असणाऱ्यांत, गरोदरपणात आणि घरात कोणाला खडे असतील तर शक्यता वाढते. तरुणांसाठी आणखी एक कारण म्हणजे क्रॅश डाएट. महिन्याभरात आठ-दहा किलो उतरवायचे म्हणून जेवणच बंद केलं, तर चरबी झपाट्याने वितळते, पित्तात कोलेस्टेरॉल वाढतं आणि पिशवी मात्र आवळायचं विसरते. वजन कमी करा, पण हळूहळू.

दुसरं कारण आपल्या विदर्भाच्या फार जवळचं आहे, सिकलसेल. रक्तातली निरोगी तांबडी पेशी साधारण १२० दिवस जगते, सिकलसेल आजारातली १० ते २० दिवस. पेशी फुटल्या की बिलिरुबिन हे रंगद्रव्य तयार होतं आणि ते पित्तात उतरतं. त्यातून काळे खडे होतात, तेही शाळकरी वयापासून. १ जुलै २०२३ रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहिमेत ४० वर्षांपर्यंतच्या लोकांची तपासणी करायचं ठरलं. घरात कोणाला हा आजार असेल तर रक्त तपासून घ्या, आणि आजार असलेल्यांनी पोटदुखी अंगावर काढू नका.

ओळखायचं कसं?

खड्याचं दुखणं बहुधा बरगड्यांखाली उजवीकडे किंवा पोटाच्या वरच्या मध्यभागी असतं. जड जेवणानंतर, अनेकदा रात्री सुरू होतं. अर्धा तास ते काही तास टिकतं, उजव्या खांद्याकडे किंवा पाठीत जातं, सोबत मळमळ असते. पुडी घेऊन ते थांबत नाही, आपलं आपण थांबतं. आपल्याला मात्र वाटतं, पुडीनेच थांबलं! निदानासाठी उपाशीपोटी केलेली साधी सोनोग्राफी बहुतेक वेळा पुरते.

इथे दुसरा घोळ होतो. ‘खडा’ म्हटलं की घरचे कुळथाचं पाणी आणि पानफुटी सुचवतात, मित्र बिअर सुचवतात. लहान मुतखडा लघवीवाटे पडू शकतो, पण पित्ताशयाचा लघवीच्या वाटेशी संबंधच नाही. रीलमधला ऑलिव्ह ऑइल आणि लिंबाचा ‘फ्लश’ही तसाच. दुसऱ्या दिवशी पडणाऱ्या हिरव्या गोळ्या बहुधा त्याच तेलाच्या साबणासारख्या गुठळ्या असतात.

माळ वाढते, आजारही वाढतो

खडा पिशवीतून घसरून मुख्य नळीत अडकला की पित्त तुंबतं. डोळे पिवळे, लघवी गडद, शौच पांढुरकं, अंगाला खाज, म्हणजे कावीळ. आपल्याकडे लगेच काविळीची माळ घातली जाते. माळेतल्या काड्या सुकून आकसतात, गाठी सैल होतात आणि माळ लांबते. विषाणूमुळे झालेली कावीळ अनेकदा आपोआप बरी होते, श्रेय माळेला मिळतं. अडकलेला खडा मात्र माळेने हलत नाही. तुंबलेल्या पित्तात जंतू वाढले तर जीवावर बेतू शकतं. आणि तो जोड आठवा. खडा तिथे अडकला तर स्वादुपिंडालाही सूज येते. असा खडा तोंडातून दुर्बीण घालून काढता येतो.

ऑपरेशनची भीती

सोनोग्राफीत सहज खडे दिसले आणि त्रास काहीच नाही, तर बहुतेकांना ऑपरेशन लागत नाही. पण वारंवार दुखत असेल तर पित्ताशय काढणं हाच पक्का उपाय. नुसते खडे काढले तर पुन्हा होतात. दुर्बिणीतून पित्ताशय काढण्याची भारतातली पहिली शस्त्रक्रिया डॉ. तेहमटन उदवाडिया यांनी १९९० मध्ये मुंबईत केली. आज ती जिल्ह्याच्या ठिकाणीही होते, आणि बरेच जण एक-दोन दिवसांत घरी जातात. पिशवी गेली तरी पित्त यकृतातून थेट आतड्यात येत राहतं, आणि बहुतेकांना पुढे नेहमीसारखं जेवता येतं. खर्चाची काळजी असेल तर महात्मा फुले जनआरोग्य योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्राला आधी विचारा.

वाट न पाहता दवाखाना गाठा
• पोटदुखीसोबत थंडी वाजून ताप
• डोळे किंवा लघवी पिवळी
• काही तास न थांबणारं दुखणं
• सतत उलट्या, पाठीत आरपार जाणारी कळ

‘पेपर झाल्यावर बघू’ हे यातल्या एकालाही चालत नाही. तेव्हा यापुढे कट्ट्यावर कोणी “पित्त झालं” म्हणालं, तर पुडी आणायच्या आधी एवढंच विचारा, “कुठे दुखतंय?” बोट उजव्या बरगडीखाली गेलं, तर त्याला मेडिकलमध्ये नाही, डॉक्टरकडे न्या.