ब्रिस्टल लोडेका: बुटकी, पण डोकं आपटणारी नव्हे

ब्रिटिश डबलडेकर म्हटली की डोळ्यांपुढे लंडनची लाल रूटमास्टर येते आणि जुन्या घाटाची कुठलीही बस रूटमास्टर ठरते. ब्रिस्टल लोडेकाच्या वाट्याला हे नेहमीचंच. ती लंडनबाहेर धावली, इंग्लंड, वेल्स आणि स्कॉटलंडच्या गावोगावी. शिवाय लाल होती तितकीच हिरवीही.

नावातच 'लो' आहे, म्हणजे आत वाकून बसावं लागत असणार, हा दुसरा समज. ती दशा खरी, पण आधीच्या बसगाड्यांची. ब्रिटनमध्ये रेल्वेचे बुटके पूल जागोजागी. त्यांखालून जाता यावं म्हणून लेलँडने 1927 मध्ये टायटन आणली. तिच्या वरच्या मजल्यावरची चालायची वाट मधोमध नव्हती. उजव्या कडेला खोल पन्हळीसारखी होती. एका बाकावर चौघं. खिडकीजवळच्याला उतरायचं तर तिघांना हलवायचं, आणि तिथवर तिकीट पोचवताना कंडक्टरची कसरत. ती पन्हळ खालच्या मजल्याच्या छतातून खाली उतरलेली. तिच्याखालचा प्रवासी बेसावध उठला की कपाळमोक्ष ठरलेला.

लोडेकाने छत दाबलं नाही, जमीन खाली घेतली. इंजिनाची ताकद मागच्या चाकांकडे नेणारा शाफ्ट एरवी गाडीच्या पोटाखालून मधोमध जातो, म्हणून जमीन उंच ठेवावी लागते. ब्रिस्टलच्या अभियंत्यांनी तो एका बाजूला सारला आणि मागचा ॲक्सल मध्यभागी खाली वाकवला. त्या खळग्यावरून चालायची वाट गेली. उंची भरली सुमारे साडेतेरा फूट, नेहमीच्या डबलडेकरपेक्षा फूटभर कमी. तरी दोन्ही मजल्यांवर वाट मधोमध आणि दुतर्फा जोडआसनं. पहिले नमुने 1949 चे. पुढच्या एफ मालिकेत तर खालची जमीन सपाटच झाली. माझ्या मते खरी करामत ही; बाहेरून ती दिसतही नाही.

खासगी कंपन्यांनी ही बस घेतली नाही, म्हणजे ती नापसंत होती, असंही म्हटलं जातं. मुळात त्यांना ती विकत मिळतच नव्हती. 1948 मध्ये ब्रिस्टलचा कारखाना आणि बॉडी बांधणारी लोस्टॉफ्टची ईस्टर्न कोच वर्क्स सरकारी मालकीत गेले आणि विक्री फक्त सरकारी बसकंपन्यांपुरती राहिली. हे बंधन 1965 मध्ये सैल झालं. दरम्यान डेनिस कंपनीने परवाना घेऊन तोच आराखडा 'लोलाइन' नावाने खासगी गिऱ्हाइकांना विकला.

1968 पर्यंत पाच हजारांहून जास्त लोडेका बांधल्या गेल्या. तोवर मागे इंजिन आणि पुढे दार असलेल्या गाड्या आल्या होत्या. त्यांत तिकीटही ड्रायव्हरच देई.