पात्रे किती असावीत?

समजा, तुम्ही चार मित्र टेबलाभोवती बसून गोष्टीचा खेळ खेळत आहात. पाचवा मित्र सूत्रधार. तो प्रसंग सांगतो. तुम्ही एकेक पात्र घेऊन ‘मी आता असे करतो’ म्हणता. यशाची खात्री नसेल तेथे फासा टाकता. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा असा खेळ १९७४ साली अमेरिकेत प्रसिद्ध झाला. त्यात योद्धा, जादूगार व पुरोहित असे पात्रांचे तीनच वर्ग होते. पुढे ते वाढत गेले. मग सूत्रधाराने निवडीसाठी किती पात्रे ठेवावीत?

गोष्ट बुलढाणा जिल्ह्यातली घेऊ. जून २०२० मध्ये लोणार सरोवराचे पाणी गुलाबी झाले. का, ते शोधायचे. पात्रे सहा : भूशास्त्रज्ञ, रसायनशास्त्रज्ञ, सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ, हवामानशास्त्रज्ञ, वनरक्षक आणि गुराखी. प्रत्येकाने वेगळे पात्र घ्यायचे. चौघांचे गट किती होतील? ६×५×४×३ ला ४×३×२×१ ने भागा. उत्तर १५.

आता पात्रे दुप्पट, म्हणजे १२ करा. गट दुप्पट होतील का? नाही! ते ४९५ होतात, म्हणजे ३३ पट. यांपैकी कोणताही गट आला तरी कोडे सुटले पाहिजे, ही जबाबदारी सूत्रधाराची.

कोड्याचे उत्तर असे : लोणारचे विवर उल्कापाताने बेसाल्ट खडकात झालेले आहे. पाण्याला बाहेर वाट नाही, म्हणून क्षार साचतात. उन्हाळ्यात पाणी घटले, खारटपणा वाढला आणि खाऱ्या पाण्यात वाढणाऱ्या, गुलाबी रंगद्रव्य असलेल्या सूक्ष्मजीवांची संख्या वाढली. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेतील तपासणीत हे आढळले.

म्हणजे सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ हवाच. सहा पात्रांत तो नसलेले गट ५ आहेत. बारा पात्रांत मात्र ३३०! तिथे खेळ अडेल. त्यावर उपाय आहे. प्रत्येक महत्त्वाच्या धाग्याकडे दोन वाटा ठेवाव्यात. सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ नसेल, तर पाण्याचा नमुना पुण्याला पाठवता यावा. विवराच्या काठाची पाण्याची जुनी खूण वनरक्षकाला ठाऊक असावी, तशी गुराख्यालाही.

दुसरी कसोटी अधिक महत्त्वाची. यादीत तिरंदाज घातला, तर तो सरोवराकाठी काय करणार? ते पात्र घेणारा मित्र तासभर नुसता बसून राहील. ज्याला या गोष्टीत काम नाही, ते पात्र यादीत नको.

मग चार खेळाडूंना चारच पात्रे द्यावीत का? तसे केले तर गट एकच होतो, आणि शेवटी निवडणाऱ्याला जे उरले तेच घ्यावे लागते. खेळाडूंपेक्षा दोन-तीन पात्रे जास्त असली म्हणजे पुरे. नाव, गाव, स्वभाव मात्र ज्याचे त्याला ठरवू द्या. त्याने सूत्रधाराचे काम वाढत नाही.

आता तुम्ही सांगा : पात्रे ८ ठेवली, तर चौघांचे गट किती? त्यांपैकी किती गटांत सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ नसेल?

(उत्तर : ७० आणि ३५.)