मृत्युदंडाचा वाद आणि न्यायप्रक्रिया : वऱ्हाडच्या संदर्भात एक विवेचन

प्रस्तावना

एखाद्या आरोपीस फाशीची शिक्षा सुनावल्याची बातमी प्रसिद्ध होते, तेव्हा न्याय पूर्ण झाला असे सर्वसामान्य वाचक गृहीत धरतो. वस्तुतः सत्र न्यायालयाने दिलेला मृत्युदंड कायद्याच्या दृष्टीने त्या क्षणी अपूर्णच असतो. मे 2024 मध्ये अकोट येथील अतिरिक्त सत्र न्यायालयाने, तेल्हारा तालुक्यात 2015 साली शेतीच्या वादातून झालेल्या चौघांच्या हत्येबद्दल, एकाच कुटुंबातील तिघांना मृत्युदंड ठोठावला. अमरावती किंवा अकोला जिल्ह्यातील न्यायालयाने दिलेली अशी प्रत्येक शिक्षा मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाकडे पुष्टीसाठी पाठवावीच लागते. आरोपीने अपील केले नाही तरीही. किमान दोन न्यायमूर्तींनी पुष्टी दिल्याशिवाय तिची अंमलबजावणी होऊ शकत नाही. 1973 च्या फौजदारी प्रक्रिया संहितेतील ही तरतूद 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेतही कायम आहे. मृत्युदंड असावा की नसावा, या वादात नैतिक भूमिका हिरिरीने मांडल्या जातात. परंतु ही शिक्षा प्रत्यक्षात कशी ठरते, याकडे तुलनेने कमी लक्ष दिले जाते. प्रस्तुत लेखाचा भर त्या बाजूवर आहे.

नियम आणि अपवाद

1898 च्या संहितेनुसार खुनासाठी फाशी न देता जन्मठेप दिल्यास न्यायाधीशास त्याची कारणे नोंदवावी लागत. 1955 च्या दुरुस्तीने ही अट गेली. 1973 च्या संहितेने तर चक्र उलटे फिरविले आणि फाशी द्यावयाची असल्यास 'विशेष कारणे' देणे बंधनकारक केले. म्हणजेच पूर्वीचा नियम अपवाद ठरला. 1980 साली बच्चन सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या पाच सदस्यीय घटनापीठाने चार विरुद्ध एक अशा बहुमताने मृत्युदंड घटनात्मक ठरविला. मात्र तो 'दुर्मिळातील दुर्मिळ' प्रकरणातच द्यावा आणि गुन्ह्याइतकाच गुन्हेगाराचाही विचार करावा, असे बजावले. न्या. पी. एन. भगवती यांचे मत विरोधी होते. न्यायाधीशागणिक बदलणारी शिक्षा समानतेच्या तत्त्वाशी विसंगत आहे, हा त्यांच्या युक्तिवादाचा गाभा होता. पुढील चार दशकांचा इतिहास पाहता ही शंका अनाठायी नव्हती, असेच म्हणावे लागते.

तत्पूर्वी, 3 जून 1949 रोजी संविधान सभेत सर्वोच्च न्यायालयाच्या फौजदारी अपील-अधिकारावर चर्चा चालू असताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मृत्युदंडच रद्द करण्याकडे आपला कल असल्याचे स्पष्ट केले होते. अहिंसेला नैतिक आदर्श मानणाऱ्या देशाने तसे करणे योग्य ठरेल, असा त्यांचा आशय होता. या मताचे स्मरण विदर्भात विशेष अर्थपूर्ण ठरते. कारण येथील मृत्युदंडाची सर्वांत तीव्र मागणी आंबेडकरी समाजाच्याच दुःखातून पुढे आली.

खैरलांजी : शिक्षेची मागणी आणि गुन्ह्याचे नाव

29 सप्टेंबर 2006 रोजी भंडारा जिल्ह्यातील खैरलांजी येथे भोतमांगे कुटुंबातील चौघांची हत्या झाली. त्याचे पडसाद विदर्भभर उमटले. अमरावतीत त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये झालेल्या आंदोलनात पोलीस गोळीबारात एकाचा बळी गेला. सप्टेंबर 2008 मध्ये भंडारा येथील न्यायालयाने सहा जणांना मृत्युदंड व दोघांना जन्मठेप दिली. जुलै 2010 मध्ये नागपूर खंडपीठाने सहा जणांचा मृत्युदंड रद्द करून त्यांना 25 वर्षांचा कारावास ठोठावला. हत्या सूडबुद्धीतून झाली, त्यामागे जातीय हेतू सिद्ध होत नाही, असा निष्कर्ष होता.

या निकालावरील संताप केवळ फाशी टळल्याचा होता, असे मानणे वरवरचे ठरेल. अनुसूचित जाती व जमाती (अत्याचार प्रतिबंध) अधिनियमाची कलमे टिकली नाहीत, म्हणजे अत्याचाराला त्याचे खरे नाव मिळाले नाही, हे शल्य अधिक खोल होते. सामाजिक गुन्ह्याची दखल व्यवस्था इतर मार्गांनी घेत नाही, तेव्हा फाशी हेच दखलीचे एकमेव माप बनते. मृत्युदंड-विरोधी लेखनात पीडितांच्या या बाजूची उपेक्षा होते, ही त्या लेखनातील मोठी उणीव आहे.

चुकीची किंमत

दुसऱ्या टोकाला अंकुश मारुती शिंदे व इतर विरुद्ध महाराष्ट्र राज्य हे प्रकरण उभे आहे. 2003 साली नाशिक जिल्ह्यात एका कुटुंबातील पाच जणांची हत्या झाली. भटक्या जमातीतील सहा मजुरांना 2006 मध्ये मृत्युदंड सुनावण्यात आला. 2007 मध्ये उच्च न्यायालयाने तिघांचा कायम ठेवला, तिघांना जन्मठेप दिली. 30 एप्रिल 2009 रोजी सर्वोच्च न्यायालयाने सहाही जणांना फाशी दिली. अवघ्या दोन आठवड्यांनी, संतोष बरियार खटल्यात, त्याच न्यायालयाच्या दुसऱ्या पीठाने केवळ गुन्ह्याचे क्रौर्य पाहून गुन्हेगाराची परिस्थिती दुर्लक्षिणारा रावजी खटल्याचा पूर्वनिर्णय बच्चन सिंग निकालाशी विसंगत ठरविला. शिंदे प्रकरणातील निकाल त्याच सदोष पूर्वनिर्णयाचा आधार घेणारा होता. 2012 मध्ये 14 माजी न्यायमूर्तींनी राष्ट्रपतींना आवाहन करून अशा चुकीच्या आधारावर फाशी सुनावलेल्यांकडे लक्ष वेधले. सहांपैकी एक जण घटनेच्या वेळी अल्पवयीन होता, हेही पुढे निष्पन्न झाले.

5 मार्च 2019 रोजी सर्वोच्च न्यायालयाने सहाही जणांची निर्दोष मुक्तता केली. प्रत्यक्षदर्शी साक्षीदाराने पोलिसांकडील छायाचित्रांतून प्रथम वेगळ्याच चौघांना ओळखले होते. त्या दिशेने तपासच झाला नव्हता. प्रत्येकी 5 लाख रुपये भरपाईचा आदेश झाला. तोवर कारावासाची सुमारे 16 वर्षे उलटली होती. 2009 नंतर अंमलबजावणी तत्परतेने झाली असती, तर ही मुक्तता कोणाला द्यावयाची, हा प्रश्न मृत्युदंडाच्या समर्थकांनाही टाळता येत नाही.

महाराष्ट्रातूनच गेलेल्या शंकर किसनराव खाडे प्रकरणात (2013) सर्वोच्च न्यायालयाने मृत्युदंडाचे जन्मठेपेत रूपांतर करताना शिक्षा-निश्चितीतील विसंगतीची कबुली दिली. बरियार व खाडे या दोन निकालांच्या संदर्भानेच विधी आयोगाने अभ्यास हाती घेतला. न्या. ए. पी. शहा यांच्या अध्यक्षतेखालील आयोगाने ऑगस्ट 2015 च्या 262 व्या अहवालात दहशतवाद व देशाविरुद्ध युद्ध पुकारण्याचे गुन्हे वगळता मृत्युदंड रद्द करण्याची शिफारस केली. जन्मठेपेपेक्षा फाशीची जरब अधिक असते, यास पुरावा नसल्याचे आयोगाचे मत पडले. संसदेने ही शिफारस स्वीकारलेली नाही. भारतीय न्याय संहितेतही मृत्युदंड आहेच.

दया आणि दिरंगाई

न्यायालयांनंतर दयेचा अधिकार येतो. 1991 मध्ये अमरावतीतून लोकसभेवर निवडून गेलेल्या प्रतिभाताई पाटील यांनी राष्ट्रपतिपदाच्या कारकिर्दीत (2007–2012) तीसहून अधिक जणांची फाशी जन्मठेपेत बदलली. त्यांपैकी कर्नाटकातील एक कैदी 2007 मध्येच तुरुंगात मृत्यू पावला होता. त्याला दया मिळाली ती 2012 मध्ये. दयेच्या अर्जाचा प्रवास कसा होतो, याचे याहून बोलके उदाहरण शोधण्याची गरज नाही. कोल्हापूरच्या बालहत्याकांडातील दोघी बहिणींची फाशी जानेवारी 2022 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने जन्मठेपेत बदलली, तीही गुन्ह्याच्या सौम्यतेमुळे नव्हे, तर दयेच्या अर्जावर शासनाने लावलेल्या जवळपास आठ वर्षांच्या विलंबामुळे.

महाराष्ट्रात फाशीची व्यवस्था नागपूर व येरवडा येथील मध्यवर्ती कारागृहांत आहे. 30 जुलै 2015 रोजी याकूब मेमनला नागपुरात फाशी देण्यात आली, तेव्हा तेथील आधीची फाशी 1984 मधील, अमरावतीकडील दोन भावांची असल्याचे वृत्तपत्रांनी नमूद केले होते. तीन दशकांत एक अंमलबजावणी आणि त्याच काळात सुनावलेल्या अनेक शिक्षा, ही तफावत 'जरब' या युक्तिवादाला पुरेशी अडचणीची आहे.

मे 2022 मध्ये मनोज विरुद्ध मध्य प्रदेश राज्य या निकालाने आरोपीची कौटुंबिक, आर्थिक व मानसिक पार्श्वभूमी आणि तुरुंगातील वर्तन यांची माहिती सत्र न्यायालयाच्या टप्प्यावरच गोळा करावी, असे निर्देश दिले. ऑगस्ट 2025 मध्ये नागपूरच्या वसंता दुपारे प्रकरणात, फेरविचार व दयेचे अर्ज फेटाळले गेल्यानंतरही, हे निर्देश पाळले न गेल्याने शिक्षेपुरती सुनावणी नव्याने घेण्याचा मार्ग सर्वोच्च न्यायालयाने खुला केला. आता अचलपूर, अकोट वा अकोला येथील न्यायालयात दोषसिद्धी आणि शिक्षा यांच्या मधल्या अल्प अवधीत हे काम करावयाचे आहे. त्यासाठी आरोपीच्या गावी जाऊन शेजारी, शिक्षक, नातलग यांच्याशी बोलणारा परिवीक्षा अधिकारी हवा, त्याला तपासणारा मानसोपचारतज्ज्ञ हवा आणि सरकारी खर्चाने नेमलेल्या वकिलाच्या हाती तो अहवाल युक्तिवादापूर्वी पडावयास हवा.