तबकडीवरील नावे आणि त्यांचे वाचन

बोलींची ध्वनिमुद्रणे ज्या सीडी-तबकड्यांवर नोंदलेली आहेत, त्या कोणत्या संगणकावर वाचता येतील, हा प्रश्न केवळ तंत्रज्ञांवर सोपवून भाषाभ्यासकास स्वस्थ बसता येत नाही. त्या प्रश्नाचा गाभा लिपी व संकेत हाच होय.

तबकडीवरील सूक्ष्म खळगे सर्व यंत्रांना सारखेच दिसतात. मतभेद उद्भवतो तो मांडणीविषयी. 1985 साली अमेरिकेतील लेक टाहोजवळच्या ‘हाय सिएरा’ हॉटेलात उत्पादकांचे प्रतिनिधी जमले आणि त्यांच्या मसुद्यातून 1988 मध्ये ‘आयएसओ 9660’ हे मानक सिद्ध झाले. त्याच्या पहिल्या पातळीवर फाइलचे नाव आठ अक्षरांचे व पुढील पुरवणी तीन अक्षरांची. तीही मोठी रोमन अक्षरे, अंक व अधोरेषा यांचीच. संख्यांची गोष्ट अधिक मनोरंजक आहे. आपण ‘बेचाळीस’ म्हणताना एकम आधी उच्चारतो, इंग्रज दशक आधी उच्चारतो. संगणकांतही संख्येचा लहान भाग आधी लिहिणारे आणि मोठा भाग आधी लिहिणारे असे दोन पंथ आहेत. मानकाने कोणाचीच बाजू न घेता महत्त्वाच्या संख्या दोन्ही क्रमांनी नोंदविण्याचा नियम केला. थोडी जागा खर्ची पडली, पण तंटा मिटला.

पुढील विस्तारांनी या मूळ मांडणीस धक्का लावला नाही. ‘रॉक रिज’ युनिक्सची लांब नावे त्याच नोंदीच्या मोकळ्या जागेत ठेवते. ज्या प्रणालीस ते ठाऊक नाही, ती तो भाग ओलांडून जाते. मायक्रोसॉफ्टचे ‘जोलिएट’ (1995) त्याच फाइलींची दुसरी, युनिकोडमधील नामावली जोडते. देवनागरीस तेथे प्रवेश मिळाला, परंतु मर्यादा 64 संकेतांची. आणि ‘ज्ञानेश्वरी’ हा शब्द आपल्या लेखी चार अक्षरांचा असला, तरी तेथे तो अकरा संकेतांचा भरतो! रॉक रिजमध्ये तर नाव कोणत्या संकेतनात लिहिले आहे, याची नोंदच नसते.

नाव वाचता आले म्हणजे मजकूर वाचता येईलच, असेही नव्हे. युनिकोडपूर्व फाँटांत टंकित केलेली टिपणे तबकडी सुरळीत उघडूनही निरर्थक चिन्हांचा पुंज ठरतात. म्हणून फाइलीस लहान रोमन नाव व क्रमांक द्यावा आणि गाव, निवेदक, बोली यांची देवनागरी सूची यूटीएफ-8 संकेतनातील साध्या मजकुराच्या फाइलीत त्याच तबकडीवर ठेवावी, असे माझे मत आहे. जोलिएट न जाणणाऱ्या यंत्रावर नक्कल केली, तर केवळ आखूड नावेच हाती येतात. अशा वेळी सूची नसेल, तर कोणती ओवी कोणत्या गावची हे ऐकूनच ठरवावे लागते.