डिलन ओळखीचं गाणं अनोळखी का करतो?

बॉब डिलनला प्रत्यक्ष ऐकलेल्या चाहत्यांची एक तक्रार ठरलेली: गाणं अर्धं सरल्यावर कळलं, अरे, हे तर तेच! चाल वेगळी, लय वेगळी, कधी शब्दही वेगळे. माझ्या मते हा निष्काळजीपणा नाही, ती त्याची पद्धत आहे. 1966 मध्ये मँचेस्टरच्या फ्री ट्रेड हॉलमध्ये पूर्वार्ध त्याने एकट्याने गायला आणि उत्तरार्धात इलेक्ट्रिक बँड उभा केला, तेव्हा श्रोत्यांतून ‘ज्यूडास!’ (म्हणजे विश्वासघातकी) अशी आरोळी आली. ‘टँगल्ड अप इन ब्लू’ 1975 चं गाणं, 1984 च्या ‘रिअल लाइव्ह’ या लाइव्ह अल्बममध्ये त्याचे शब्द बरेचसे नव्याने लिहिलेले आहेत. निष्काळजी माणूस एवढे कष्ट कशाला घेईल?

वयानुसार आवाज बसला म्हणून तो चाली बदलतो, असं काही जण म्हणतात. थोडंफार खरं असेलही, पण मँचेस्टरला त्याने पंचविशीही गाठली नव्हती. तिकिटाला पैसे मोजलेत तर आवडतं गाणं ओळखीचं ऐकू यावं, हा आक्षेप जास्त वजनदार. तरी तीच बंदिश हुबेहूब कालच्यासारखी गाणाऱ्या गवयाला आपण कुठे दाद देतो? 2021 पासूनच्या दौऱ्यात त्याने जुन्या हिट गाण्यांपेक्षा ‘रफ अँड राउडी वेज’ या 2020 च्या अल्बमवरच भर दिला. त्याला प्रत्यक्ष ऐकायला जाणार असाल, तर आधी तो अल्बम ऐका. कुठून सुरुवात करावी कळत नसेल, तर कमेंटमध्ये विचारा.